खणांचं कपाट घरी बनवताना: आधी सांगाडा, मगच खणांची मापं

पहिलं खणांचं कपाट केलं तेव्हा कागदावर आकृती काढली, हिशेब मांडला आणि सगळे तुकडे एकाच दिवशी कापून ठेवले. खालचे दोन खण लोण्यासारखे सरकले, तिसरा अडत अडत गेला आणि चौथा आत शिरेचना. टेप लावून पाहिलं तर सांगाडा वरच्या बाजूला तीन मिमी अरुंद झाला होता. मग अख्खी संध्याकाळ त्या खणाच्या बाजूंवर रंधा मारत बसलो. तेव्हापासून सांगाडा उभा राहिल्याशिवाय खणाचा एकही तुकडा कापत नाही.

इथे चार खणांचं, ८०० मिमी रुंद आणि ९०० मिमी उंच कपाट धरलं आहे. सांगाडा आणि दर्शनी फळ्या १८ मिमी प्लायच्या, खणांच्या बाजू १२ मिमीच्या, पाठ आणि खणांचे तळ ६ मिमीचे. भरीव लाकूड दिसायला देखणं असतं, पण हवेतल्या दमटपणानुसार ते रुंदीत फुगतं-आटतं. पहिल्याच कपाटाला ती डोकेदुखी नको.

सांगाडा

दोन बाजू ८८२ × ४५० मिमी. त्यांच्यामध्ये बसणारी तळाची फळी ७६४ × ४५०, म्हणजे ८०० वजा दोन्ही बाजूंची जाडी. माथा ८०० × ४७५. तो बाजूंच्या डोक्यावर बसतो, मागे पाठ झाकतो आणि पुढे दर्शनी फळ्यांवर छज्जासारखा येतो. जमिनीलगत ७६४ × ८० ची एक पट्टी थोडी आत सरकवून लावायची, म्हणजे कपाटापाशी उभं राहिल्यावर पायाची बोटं आपटत नाहीत. तळाची फळी या पट्टीवर टेकते.

कापताना पात्याची जाडी विसरू नका. पातं साधारण ३ मिमी लाकूड खातं, त्यामुळे दोन तुकड्यांच्या रेघा एकमेकींना चिकटून काढल्या तर दुसरा तुकडा हमखास आखूड भरतो. दोन्ही बाजू मात्र एकमेकींवर ठेवून ताडून घ्या. त्या दोघी अर्ध्या मिमीने चुकल्या तरी चालेल, पण सारख्याच चुकायला हव्यात.

दिसणाऱ्या कडांना इस्त्रीने चिकटणारी पट्टी जोडणीआधीच लावून टाका. जोडताना पांढरा डिंक आणि स्क्रू दोन्ही वापरा. प्लायच्या कडेत स्क्रू थेट मारला तर थर सुटतात, म्हणून ४ मिमीच्या स्क्रूसाठी आधी ३ मिमीचं भोक पाडा. माथा वरून ठोकू नका. आतून दोन्ही बाजूंना चौकोनी पट्ट्या लावा आणि त्यांतून खालून वर स्क्रू घाला.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम. डिंक ओला असतानाच दोन्ही कर्ण मोजा. कोपऱ्यात गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) लावून भागत नाही. एवढ्या मोठ्या चौकटीत गुण्या खोटं बोलतो, कर्ण बोलत नाहीत. एक कर्ण दुसऱ्यापेक्षा ४ मिमी मोठा असेल तर त्या मोठ्या कर्णाच्या दोन टोकांना क्लँप लावून हलकेच आवळा. दोन्ही सारखे झाले की लगेच पाठ डिंक आणि स्क्रूंनी बसवून टाका. ती ६ मिमीची फळी पुढे सांगाड्याला तिरपा होऊ देत नाही. डिंक वाळायला चोवीस तास द्या.

खण

दुसऱ्या दिवशी आतली रुंदी खाली, मध्ये आणि वर अशी तीन ठिकाणी मोजा. सगळ्यात कमी भरेल तो आकडा धरा. बॉलबेअरिंगच्या टेलिस्कोपिक चॅनलला, म्हणजे ज्यावर खण आत-बाहेर सरकतो त्या धातूच्या पट्टीला, दोन्ही बाजूंना प्रत्येकी साधारण १३ मिमी जागा लागते. आतली रुंदी ७६४ भरली तर खणाची बाहेरची रुंदी ७६४ वजा २६, म्हणजे ७३८. शंका असेल तर खण एक मिमी अरुंद करा. अरुंद खणाच्या चॅनलखाली पुठ्ठ्याची पट्टी सारता येते, रुंद झालेल्या खणाला रंध्याशिवाय गत्यंतर नाही.

बाजू ४०० मिमी लांब, म्हणजे ४०० मिमीचं चॅनल बसतं. पुढचा-मागचा तुकडा बाजूंच्या मध्ये येतो, तो ७३८ वजा दोन जाड्या. इथे प्लाय मोजून घ्या. बारा म्हणून आणलेला साडेअकरा भरला तर हा तुकडा ७१४ ऐवजी ७१५ लागेल. खणांची उंची वरून खाली ११०, १५०, १७० आणि २०० मिमी ठेवा. जड सामान खाली जावं हा त्यातला उद्देश.

तळ बसवायला चारही तुकड्यांना आतून, खालच्या कडेपासून १० मिमीवर ६ मिमी खोल खाच पाडा. राउटर (खाच पाडायचं मशीन) नसेल तर हातातल्या मशीन करवतीने सरळ पट्टी धरून दोनदा कापलं की खाच तयार होते. खाचेत बसणारा तळ साधारण ७२४ × ३८६ लागेल. खण जोडतानाही कर्ण मोजायचेच.

चॅनल

दोन्ही बाजूंची चॅनलं एका पातळीत यावीत म्हणून टेपने रेघा आखत बसू नका. प्लायची एक पट्टी सगळ्यात वरच्या चॅनलच्या उंचीएवढी कापा, आतल्या तळावर उभी करा, तिच्या डोक्यावर चॅनल टेकवा आणि स्क्रू मारा. तीच पट्टी समोरच्या बाजूला. मग ती पुढच्या चॅनलसाठी आखूड कापायची, असं करत खाली यायचं. आकडा चुकला तरी दोन्हीकडे तोच चुकतो, आणि खण सरळच राहतो. चॅनलचं पुढचं टोक सांगाड्याच्या कडेपासून २-३ मिमी आत ठेवा. सुरुवातीला फक्त लांबट भोकांत स्क्रू घाला, कारण खण वर-खाली हलवून बघायला लागतोच. सगळं जमलं की गोल भोकांतले स्क्रू पक्के करा.

दर्शनी फळ्या

उंची १५०, १९०, २१०, २४०, रुंदी ७९६. सर्वांत खालच्या फळीची खालची कड तळाच्या फळीच्या खालच्या कडेशी जुळवा. दोन फळ्यांत ३ मिमी फट ठेवून खालून वर या. फटीसाठी ३ मिमी जाडीच्या दोन चकत्या पुरतात. फळीमागे दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावून ती खणावर दाबा, खण हळूच ओढा, क्लँप लावा आणि आतून २५ मिमीचे स्क्रू घाला. मुठीसाठी आता दोन फळ्या मिळून ३० मिमी जाडी आहे आणि मुठीसोबत आलेले स्क्रू बहुतेक वेळा एका फळीपुरतेच असतात, तेव्हा लांब स्क्रू आधीच आणून ठेवा.

पॉलिश पेपर १२०, मग १८०, मग २२०, नेहमी रेषांच्या दिशेने. घासताना मास्क लावा, प्लायचा बारीक भुसा छातीला चांगला नाही. बाहेरून हवं ते पॉलिश द्या, पण खणांच्या आतून जवसाचं तेल लावू नका. बंद जागेत त्याचा वास महिनोन् महिने कपड्यांना लागतो. तेल पुसलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा.

शेवटी कपाट माथ्याजवळ मागून भिंतीला एल-पट्टीने बांधा. भरलेले खण एकदम बाहेर आले की सगळा तोल पुढे जातो, आणि घरातली लहान मुलं खणांची शिडी करतातच.