मदतीसाठी सायकल शर्यत: गावात कशी घ्यावी

शर्यतीआधी पैसा कुणासाठी गोळा करायचा ते ठरवा. ‘समाजकार्यासाठी’ असं मोघम छापलं तर लोक पत्रक घडी करून खिशात टाकतात. ‘झेडपी शाळेतल्या मुलींच्या स्वच्छतागृहाला टाकी आणि मोटर, खर्च ४० हजार’ असं लिहा, मग कापूस मोजून आलेला माणूसही थांबून वाचतो.

पैसे एखाद्या नोंदणीकृत संस्थेच्या खात्यातच घ्या. नुसतं मंडळ असेल तर गणेशोत्सवाच्या वर्गणीला लागते तीच सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१क ची परवानगी धर्मादाय कार्यालयातून काढावी लागेल. संस्थेकडे ८०जी (देणगीवर करसवलत देणारी आयकर खात्याची मान्यता) असेल तर देणगीदाराला आधीच सांगा की २,००० रुपयांवरची रोख देणगी करसवलतीत धरत नाहीत.

प्रवेश शुल्काला खर्चासाठी हात लावायचा नाही, हे माझं ठाम मत. मोठ्यांचे १०० आणि मुलांचे ५० रुपये सगळेच्या सगळे मदतीला जाऊ द्या. खर्च वस्तूंतून भागवा: बागायतदाराकडून केळीचे घड, पाण्याच्या प्लांटवाल्याकडून जार, छापखान्याकडून छातीवरचे नंबर. आपल्याकडे खानदेशात रोख मागितली की माणूस विचार करतो. केळी मागितली तर ‘किती घड पाठवू भो?’ विचारतो.

तारीख डिसेंबर-जानेवारीतली. फेब्रुवारीपासून परीक्षा, आणि मग ४५ अंशांकडे जाणारं ऊन. गावाचा बाजारवार टाळा.

मार्गावर मात्र सगळ्यात जास्त वेळ घालवा. धुळे-जळगाव-भुसावळ महामार्ग आणि मुंबई-आग्रा रोड विसरूनच जा, ओलांडायचासुद्धा नाही. गावाबाहेरचा १२ ते १५ किलोमीटरचा फेरा शोधा आणि तो घड्याळाच्या उलट दिशेने लावा. सगळी वळणं डावीकडे येतात, समोरून येणारं वाहन कुणाला ओलांडावं लागत नाही. मुलांना पाच किलोमीटर पुरे.

मार्ग सायकलवरूनच बघा. पहिल्या वर्षी आम्ही मोटारसायकलवर चक्कर मारली आणि ‘रस्ता मस्त आहे’ म्हणून मोकळे झालो. पाटालगतच्या दीड किलोमीटर कच्च्या वाटेवर सराटे पसरले होते, त्यात कुंपणाला टाकलेल्या बाभळीचे काटे. शर्यतीत त्या एका तुकड्यात अकरा ट्यूब बसल्या. एक पोरगा सायकल खांद्यावर घेऊन पळत आला आणि तरी शेवटचा नव्हता! आता आदल्या संध्याकाळी चौघं झाडू घेऊन जातात, आणि पंक्चरवाले काका सामानासकट छोट्या हत्तीत बसून मागून येतात.

त्याच फेरीत कापसाच्या ट्रॉल्या कुठे वळतात, केळीचे ट्रक कुठे भरतात, गुरं किती वाजता रस्त्यावर येतात हे टिपून ठेवा. वस्तीवरची कुत्रीही. सायकलमागे धावणाऱ्या कुत्र्याला शिट्टी वाजवून काही होत नाही, तिथे त्या घरचाच माणूस उभा करायचा.

पोलीस ठाण्यात अर्ज किमान तीन आठवडे आधी द्या. सोबत मार्गाचा हाताने काढलेला नकाशा, वेळ, अंदाजे संख्या आणि दोन जबाबदार माणसांचे फोन नंबर. एक प्रत ग्रामपंचायतीला, एक प्राथमिक आरोग्य केंद्राला. १०८ ची गाडी बोलावली तर कोणत्या फाट्यावर यायला सांगायचं, तेही ठरलेलं असू द्या. अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची सही घ्या.

गट सायकलींवरून पाडा, गिअरवाली वेगळी आणि साधी वेगळी. चाळीस हजारांच्या सायकलसमोर दूधवाल्याची सायकल उभी केली की पुढच्या वर्षी दूधवाला येत नाही. महिला आणि पन्नाशीपुढच्यांचे गट हवेतच. साडी नेसून येणाऱ्या मावशींसाठी शाळेच्या मैदानावर स्लो सायकल ठेवा, सगळ्यात जास्त गर्दी तिथेच होते. रोख बक्षीस नको, त्याने बाहेरचे पट्टीचे खेळाडू येतात आणि गावातली मुलं बघत बसतात. टायर-ट्यूबची जोडी किंवा हेल्मेट द्या.

त्या दिवशी सूर्य सातच्या सुमारास वर येतो, म्हणून सुरुवात साडेसातला. अंधारात पोरं सोडू नका. त्याआधी प्रत्येक सायकलचे दोन्ही ब्रेक स्वतः दाबून बघा. ब्रेक नसेल तर नंबर नाही, मग तो सरपंचांचा नातू असो. गट दहा-दहा मिनिटांनी सोडा. प्रत्येक वळणावर दोन माणसं, लाल झेंडा आणि शिट्टी. शेवटच्या स्वारामागे एक मोटारसायकल. ती परत येईपर्यंत कुणी जागा सोडायची नाही.

बक्षिसं आटोपली की शेतात भरीत. कपाशीच्या काड्यांवर बामणोदची वांगी भाजून सोलेपर्यंत तासभर जातोच, तेवढ्यात पावतीपुस्तकं आणि खात्यातली रक्कम ताळून घ्या. बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात, भरीत कुटायला लागले की हिशेब मोठ्याने वाचायचा, शाळेच्या मुख्याध्यापिकेसमोर. दुसऱ्या दिवशी तोच कागद ग्रामपंचायतीच्या फलकावर लागतो, टाकी बसल्यावर शेजारी टाकीचं बिल.