क्लिनिक टाकताय? जागा, डिपॉझिट सोडून एक गोष्ट

पीजीच्या (पुढच्या स्पेशलायझेशनच्या) मागे न लागता फॅमिली प्रॅक्टिस करायची ठरवलेली मुलं भेटली की विचारतात, सर जागा कुठे घेऊ, फी किती ठेवू, कंपाउंडर कुठे मिळेल. डोक्याचं काय होतं ते कोणी विचारत नाही, म्हणून लिहितोय.

पेशंटच्या गर्दीने शरीर दमतं, झोपलं की उतरतं. मन खचतं ते दुसऱ्याच गोष्टींनी. पहिली म्हणजे व्हॉट्सॲप. रात्री सव्वाअकराला लॅबची पीडीएफ येते, खाली "डॉक्टर जरा बघा ना", निळ्या टिक दिसल्या आणि उत्तर नाही गेलं तर सकाळी तोंड वाकडं, आणि एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ११, म्हणजे खूपच जास्त, दिसल्यावर आपल्याला तरी कुठे झोप लागते. मी क्लिनिकचा नंबर वेगळा केला, त्यावर ऑटो रिप्लाय, रिपोर्ट उद्या ओपीडीत दाखवा, छातीत दुखत असेल किंवा दम लागत असेल तर थेट हॉस्पिटल गाठा. काही पेशंट तुटले. तुटू देत.

दुसरी, सलाईन. साध्या व्हायरल तापाला पॅरासिटामॉल देऊन पाठवलं की पेशंट पुढच्या गल्लीत सलाईन लावून घेतो, तिसऱ्या दिवशी ताप आपोआप उतरतो आणि सोसायटीभर होतं की तुमच्या हाताला गुण नाही. योग्य वागून गिऱ्हाईक जातं हे पचवायला वेळ लागतो बरं का.

आणि एकटेपणा. इंटर्नशिपमध्ये रात्री तीनला चहाला कोणीतरी असायचं, केबिनमध्ये कोणी नसतं. एखादा ईसीजी धड नॉर्मल वाटत नाही, धड ॲबनॉर्मल नाही, विचारायचं कोणाला? म्हणून एरियातल्या जीपींच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरांच्या, असोसिएशनचे मेंबर व्हाच. सीएमईतलं (डॉक्टरांच्या ट्रेनिंगमधलं) लेक्चर एकवेळ सोडा, पण नंतर पार्किंगमध्ये ज्या गप्पा होतात त्या सोडू नका, तिथेच कळतं की सगळ्यांचं सेमच चाललंय, आणि सुट्टीत एकमेकांचे पेशंट बघणारी माणसंही तिथेच सापडतात.

डब्ल्यूएचओच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउट आजार म्हणून नाही, कामामुळे येणारी अवस्था म्हणून आहे. थकवा, कामाबद्दल कडवटपणा, आणि आपल्याच्याने काही होत नाही असं वाटणं. आपल्या लाइनीत कडवटपणा आधी दिसतो असं माझं मत. गुडघेदुखीवाल्या आजी स्टुलावर बसायच्या आधीच चिडचिड झाली की समजा.

तेव्हा औषध कंपनीच्या एमआरने दिलेल्या सॅम्पलमधून एस्सिटॅलोप्राम (डिप्रेशनवरची गोळी) काढून स्वतःच सुरू करू नका, हे आपल्यात सर्रास चालतं. स्वतःचा एक डॉक्टर ठेवा, शक्यतो बॅचमेट नसलेला. कोणाला भेटायचं नसेल तर टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात.

आणि रविवार संध्याकाळ पहिल्या महिन्यापासूनच बंद ठेवा. नंतर बंद करायला गेलात तर लोक भांडायला येतात.