केळीच्या फणीपासून युरोपच्या कोर्टापर्यंत: अधिराष्ट्रीय कायदा कसा अभ्यासावा

अधिराष्ट्रीय कायदा म्हणजे आंतरराष्ट्रीय कायदाच, फक्त नाव मोठं, असं समजून अभ्यासाला बसलं की पहिल्याच आठवड्यात गाडी रुतते. साध्या करारात एक देश दुसऱ्या देशाला शब्द देतो. तो शब्द घरात कसा पाळायचा हे ज्याचं त्याने ठरवायचं. अधिराष्ट्रीय व्यवस्थेत वरच्या संस्थेचा नियम थेट माणसापर्यंत पोचतो, आणि देशाचा कायदा आड आला तर तिथल्या खालच्या कोर्टानेही तो बाजूला ठेवायचा असतो. याचं सर्वांत भरलेलं उदाहरण म्हणजे युरोपीय संघ.

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या विद्यार्थ्याने पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या प्रकरणापासून सुरुवात करू नये. एक वस्तू धरावी आणि तिच्या मागे कोर्टाकोर्टांतून फिरावं. रावेर-यावलच्या पट्ट्यात ती वस्तू दारातच आहे: केळी.

युरोपने १९९४ साली २२५७/९४ हा केळीच्या प्रतवारीचा नियम केला. हिरव्या केळाची लांबी किमान १४ सेंटिमीटर, जाडी किमान २७ मिलिमीटर. घडातली एक फणी घ्या, बाहेरच्या ओळीतलं मधलं केळ निवडा, फुगीर बाजूने टेप लावून लांबी मोजा, जाडीला व्हर्नियर लावा. मग नियमाचा मजकूर उघडा. तो 'रेग्युलेशन' आहे. युरोपीय संघाच्या कार्यपद्धतीविषयीच्या कराराचं कलम २८८ सांगतं की रेग्युलेशन सगळ्या सदस्य देशांत जसंच्या तसं लागू होतं. तिथल्या संसदेने वेगळा कायदा करायची गरज नाही. 'डायरेक्टिव्ह' मात्र देशाला फक्त उद्दिष्ट देतं. मार्ग देशाने निवडायचा.

हा मजकूर यूर-लेक्स या युरोपीय संघाच्या अधिकृत संकेतस्थळावर फुकट मिळतो. तिथे प्रत्येक कागदाला दिलेल्या सेलेक्स क्रमांकाचा पहिला आकडा ३ असेल तर तो कायदा, ६ असेल तर निकाल. पुढचे चार आकडे वर्षाचे. नियम अजून अमलात आहे का, हे आधी बघा. केळीचा १९९४ चा नियम जाऊन २०११ चा १३३३/२०११ आला, आणि त्याच्या जागी २०२३/२४२९. जुन्या नोट्सवरून रद्द झालेला नियम उतरवणं ही नेहमीची चूक आहे.

आता युरोपच्या न्यायालयाचे निकाल. क्रम महत्त्वाचा: फान गेंड एन लोस (१९६३), कोस्टा विरुद्ध एनेल (१९६४), सिमेंथाल (१९७८). पहिल्यात डच सरकारने एका रसायनावरची आयात जकात ३ वरून ८ टक्के केली होती. कराराचं कलम घेऊन कंपनी स्वतः दाद मागू शकते, असं ठरलं. हाच 'डायरेक्ट इफेक्ट'. सिमेंथालने सांगितलं की वरिष्ठ कोर्टाची वाट न बघता कोणत्याही न्यायाधीशाने विरोधी कायदा बाजूला ठेवावा.

मधल्या निकालावर मात्र दोन दिवस घालवा. मिलानचे वकील कोस्टा यांना एनेल या सरकारी वीज कंपनीकडून आलेलं १,९२५ लिराचं बिल, एवढाच पैशाचा प्रश्न. वीज कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण युरोपच्या कराराविरुद्ध आहे, असं त्यांचं म्हणणं. इटलीच्या घटना न्यायालयाने मार्च १९६४ मध्ये सांगितलं, नंतरचा कायदा आधीच्यावर मात करतो. त्याच जुलैत युरोपच्या न्यायालयाने नेमकं उलटं सांगितलं. दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचल्याशिवाय 'प्रायमसी', म्हणजे युरोपच्या कायद्याचा वरचढपणा, काय ते कळत नाही. इटलीच्या न्यायालयाने न्यायाधीशाला विरोधी कायदा बाजूला ठेवायची मुभा दिली ती १९८४ मध्ये. तत्त्व एका दिवसात लिहिलं जातं, पण ते मुरायला वीस वर्षं लागली.

निकाल वाचताना आधी घटना, मग कोर्टाला विचारलेला प्रश्न, मग अगदी शेवटचा आदेश, आणि त्यानंतर मधली कारणं. त्याच कार्यपद्धतीच्या कराराच्या कलम २६७ प्रमाणे देशातलं कोर्ट प्रश्न पाठवतं, युरोपचं न्यायालय अर्थ सांगतं, आणि खटला निकालासाठी परत मूळ कोर्टाकडे जातो. म्हणून 'युरोपच्या न्यायालयाने इटलीचा कायदा रद्द केला' असं लिहिलं की मार्क गेलेच. कायदा पुस्तकात तसाच राहतो, फक्त त्या खटल्यात वापरला जात नाही. दुसरी चूक डायरेक्टिव्हची: ते सरकारविरुद्ध वापरता येतं, पण खासगी मालकाविरुद्ध थेट नाही, हे मार्शल निकालात (१९८६) स्पष्ट झालं.

आता परत केळीकडे. १९९३ च्या ४०४/९३ या रेग्युलेशनने बाहेरच्या केळीला २० लाख टनांचा कोटा घातला. कोट्यात टनाला १०० एक्यू (युरोपचं तेव्हाचं हिशोबाचं चलन) जकात, कोट्याबाहेर ८५०. जर्मनीला तोवर जकातमुक्त केळी मिळत होती. जर्मनी युरोपच्या न्यायालयात गेली आणि १९९४ मध्ये हरली. मग आयातदारांनी मूलभूत हक्कांचा मुद्दा काढला आणि प्रश्न जर्मन घटना न्यायालयापर्यंत पोचला. जून २००० मध्ये ते न्यायालय म्हणालं, युरोपमध्ये हक्कांचं संरक्षण एकूणच घसरलंय हे दाखवा, तरच ऐकू. त्याच जर्मन न्यायालयाचा १९७४ चा सोलांगे ('जोवर') निकाल (आम्ही तपासणार), १९८६ चा (तूर्त तपासणार नाही), २००० चा केळीचा, आणि मे २०२० मध्ये युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या रोखे खरेदीवरून युरोपच्या न्यायालयाला दिलेला उघड नकार, हे चार एका पानावर तारखेने मांडा. राष्ट्रीय न्यायव्यवस्था वरच्या कायद्याला कशी जागा देते आणि कुठे अडवते, ते त्या पानावर दिसतं.

हीच कोटापद्धत जागतिक व्यापार संघटनेतही १९९७ मध्ये हरली. पण २००५ च्या फान पारेस निकालात इक्वेडोरची केळी आणणाऱ्या बेल्जियन आयातदाराला तो निर्णय कोर्टात वापरता आला नाही. माल तोच, वाद तोच. एका व्यवस्थेचं दार नागरिकाला उघडं, दुसरीचं बंद. अधिराष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय यातला फरक इतका स्वच्छ दुसरीकडे क्वचितच सापडेल.

इथे एक गल्लत होते. युरोपला माल पाठवायचा तर फवारणीचा अंश मर्यादेत हवा. ३९६/२००५ या रेग्युलेशनप्रमाणे वेगळी मर्यादा ठरलेली नसेल तिथे किलोला ०.०१ मिलिग्रॅम. त्यामुळे सावद्याच्या शेतकऱ्याची औषधाची निवड बदलते, हे खरं. पण ती गिऱ्हाइकाच्या बाजारात शिरण्याची अट आहे. भारतीय न्यायालयाला तो नियम बांधत नाही. उत्तरात हे दोन परिणाम वेगळे लिहा.

भारताची बाजू शेवटी घ्या. घटनेचं कलम ५१ आंतरराष्ट्रीय कायद्याला मान देण्याचं तत्त्व सांगतं, २५३ संसदेला करारासाठी कायदा करायचा अधिकार देतं. जॉली जॉर्ज वर्गीस (१९८०) मध्ये करार आपोआप देशाचा कायदा होत नाही असं ठरलं. विशाखा (१९९७) मध्ये कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळावर कायदा नव्हता तिथे कराराचा आधार घेतला गेला. मग ऑक्टोबर २०२३ चा नेस्ले निकाल वाचा: दुहेरी कर टाळण्याच्या करारात सवलतीचं कलम असूनही १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ९० खाली अधिसूचना निघाल्याशिवाय ती मिळत नाही. तो वाचून झाला की लगेच फान गेंड एन लोस पुन्हा काढा आणि प्रत्येक परिच्छेदापुढे पेन्सिलीने लिहा, हे वाक्य आपल्या सर्वोच्च न्यायालयाला लिहिता आलं असतं का, आणि नसेल तर घटनेतलं कोणतं कलम आडवं आलं असतं.