माळवदावरचं नाणं आणि नव्या संग्राहकासाठी चार गोष्टी

आमचं घर माळवदाचं, म्हणजे सपाट मातीच्या छपराचं. दर उन्हाळ्याच्या शेवटी माळवदावर पांढरी माती टाकायची, म्हणजे पावसाळ्यात गळत नाही. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या आसपास ही माती जुन्या वस्तीच्या टेकाडांतून, म्हणजे पांढरीतून, गाड्या भरभरून आणली जायची. एका वर्षी माती पसरताना माझ्या हाताला एक काळपट चकती लागली. आज्जी म्हणाली, "पांढरीची माती हाय, निघतंच त्यात काहीबाही." मी ती चिंच-मीठ लावून, राखेनं घासून लख्ख केली.

पुढे तेरच्या लामतुरे संग्रहालयात सातवाहनांची पोटीन नाणी पाहिली, तेव्हा कळलं मी काय केलं होतं. पोटीन म्हणजे तांब्यात कथिल आणि शिसं मिसळलेला धातू. एका बाजूला हत्ती आणि त्याच्याभोवती ब्राह्मी अक्षरं, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह, म्हणजे अधिकच्या खुणेच्या चार टोकांना चार वर्तुळं. माझ्या नाण्यावर हत्तीचे पाय उरले होते आणि तीन अक्षरं: 'कणिस'.

ही तीन अक्षरं का पुरत नाहीत, ते नीट समजून घ्या, कारण सातवाहन नाणी ओळखण्याचं मर्म त्यातच आहे. पूर्ण लेख 'रञो सिरि सातकणिस' असा असतो, म्हणजे 'राजा श्री सातकर्णीचं'. प्राकृतातला शेवटचा 'स' हा आपल्या 'चा-ची-चं'चं काम करतो. पण सातकर्णी अनेक झाले. यज्ञ सातकर्णी, कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, सगळ्यांचा शेवट तोच. राजा ठरतो तो आधीच्या अक्षरांवरून, आणि नेमकी तीच मी घासून टाकली. त्यात ठसा मोठा आणि चकती लहान असल्यामुळे एका नाण्यावर अख्खा लेख क्वचितच उमटतो. एकावर 'रञो' दिसतं, दुसऱ्यावर 'सिरि'. अनेक नाणी शेजारी ठेवून लेख जुळवावा लागतो. विदर्भात तऱ्हाळ्याला १९३९ मध्ये १,५०० हून अधिक पोटीन नाण्यांचा साठा मिळाला. तो एकत्र राहिला म्हणूनच पुराणांतल्या यादीत नसलेली राजांची नावं वाचता आली.

म्हणून माझं पहिलं सांगणं: नाणं घासू नका. लिंबू, चिंच, पितांबरी, काहीच नको. दिसेल तेवढंच अक्षर वहीत लिहा, अंदाजानं पुढचं भरू नका. दिवा बाजूनं, तिरपा धरा, झिजलेलं अक्षरही सावलीत उठून दिसतं. एक शतांश ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा घ्या. भिंगाइतकीच त्याची गरज पडते. ओतीव नकली नाणी बरेचदा वजनावरून आणि कडेवरच्या जोडरेषेवरून पकडता येतात.

मध्ययुगाकडे आलात की लिपी बदलते. भिऊ नका. टांकसाळींची नावं आणि तीसेक फारसी शब्द ओळखता आले की गाडी चालू लागते. मुघल रुपयावर 'खुजिस्ता बुनियाद' दिसलं तर ती आपल्या औरंगाबादची टांकसाळ. हिजरी सनाला ०.९७ नं गुणून ६२२ मिळवा. ११०० असेल तर १०६७ अधिक ६२२, म्हणजे १६८९ च्या आसपास, औरंगजेबाचा काळ. दौलताबादला पाडलेली मुहम्मद तुघलकाची १३३० च्या सुमाराची पितळी-तांब्याची नाणी माझ्या फार जवळची आहेत. चांदीच्या टंक्याच्या मोलानं चालवायला काढलेली ती नाणी लोकांनी घरोघरी पाडली आणि अखेर सुलतानाला मागे घ्यावी लागली. त्यांवर लिहिलंय, जो सुलतानाची आज्ञा पाळतो तो ईश्वराची आज्ञा पाळतो. केवढी अगतिकता आहे त्या ओळीत!

सुरुवात मात्र शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं, आणि हैदराबादच्या निजामाचं चलन असलेला हाली सिक्का यांपासून करा. ती आपल्याकडे घराघरात आहेत, आणि शिवराईवरचं 'श्री राजा शिव' देवनागरीत असल्यानं अर्धवट उमटलेली अक्षरं वाचायची सवय लागते. शेतात खणून काढलेला साठा कुणी विकायला आणला तर हात लावू नका. १८७८ च्या कायद्यानुसार जमिनीत सापडलेल्या, दहा रुपयांहून जास्त मोलाच्या ठेव्याची माहिती कलेक्टरला द्यावी लागते. शिवाय तो वाटून विकला गेला की तऱ्हाळ्यासारखं वाचन पुन्हा होत नाही.

प्रत्येक नाणं कागदी पाकिटात ठेवा. मऊ प्लास्टिकच्या अल्बममध्ये तांब्यावर हिरवा चिकट थर चढतो. पाकिटावर वजन, व्यास, वाचलेली अक्षरं आणि नाणं कुठून आलं ते लिहा. हा शेवटचा रकाना कधीच टाळू नका. माझ्या त्या पहिल्या पाकिटावर 'माळवदाची माती' एवढंच आहे. ती गाडी कोणत्या टेकाडावरून भरली होती, हे आज्जीला ठाऊक होतं. ती होती तोवर मी विचारलं नाही.