आर्ट-डिझाईनच्या एक्स्चेंजसाठी परदेशी जाताय? या चुका टाळा

नाशिकची फाईन आर्ट, ॲप्लाइड, इंटिरियर, प्रॉडक्ट डिझाईनची मुलं हल्ली एका सेमिस्टरच्या एक्स्चेंजसाठी, म्हणजे एक सेमिस्टर परदेशातल्या कॉलेजात शिकायला, अर्ज करायला लागलीयेत आणि ‘जरा पोर्टफोलिओ बघून द्या ना’ म्हणून फायली पाठवतात. हात चांगला असतो, मेहनतही असते, पण गाडी अडते ती भलत्याच ठिकाणी, आणि ते बघून खरंच जीव तुटतो, म्हणून एकदा सविस्तर लिहितोय.

सगळ्यात मोठा घोळ पोर्टफोलिओत होतो. एलिमेंटरी-इंटरमिजिएटपासून सवय लागलेली असते की पेपर स्वच्छ, पूर्ण आणि वेळेत द्यायचा, मग पोर्टफोलिओतही सगळी पानं फिनिश्ड कामानेच भरतात, गोदाघाटाचं वॉटरकलर, एक गणपती, एक पोर्ट्रेट, एक लोगो, एक पोस्टर. चित्रकार शिवाजी तुपे सरांच्या गावात घाट रंगवावासा वाटणारच, रंगवा की, पण तिकडे निवड करणाऱ्यांना बघायचं असतं की तुम्ही विचार कसा करता, कुठे अडलात, काय टाकून दिलं आणि मग काय बदललं. म्हणून कामं कमी ठेवा आणि एक तरी प्रोजेक्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत सहा-आठ पानांत दाखवा. समजा जुन्या नाशकात तांबट लेनमध्ये बसून भांडं कसं घडतं ते बघितलंत, तर तिथली कच्ची स्केचेस, ठोक्यांवर कागद ठेवून पेन्सिलीने घासून घेतलेले ठसे, कारागिराशी बोलताना लिहिलेल्या नोंदी, फसलेले नमुने आणि त्यातून शेवटी झालेला दिवा किंवा कापडाचं डिझाईन, हे सगळं त्याच क्रमाने लावा. फसलेलं काम लपवू नका, त्याच्याखाली दोन ओळी लिहा की का फसलं. कामाचे फोटो ट्यूबलाईटखाली काढू नका, दिवसा गच्चीवर सावलीत, फ्लॅश बंद करून, मोबाईल कामाला समांतर धरून काढा, नाहीतर चौकोनी पेंटिंग तिरकं दिसतं आणि रंग पिवळे पडतात. पीडीएफ फॉर्मवर दिलेल्या साईझच्या आतच हवी, मोठी झाली तर ती अपलोडच होत नाही आणि हे शेवटच्या रात्री कळतं.

दुसरं म्हणजे स्टेटमेंट, तिकडे का जायचंय हे सांगणारं अर्जासोबतचं लेखन. ‘मला युरोपची संस्कृती अनुभवायची आहे’ हे वाक्य काढून टाका, प्लीज. त्या कॉलेजमध्ये लिथोग्राफीचं (दगडावरून छपाईचं) प्रेस आहे का, सिरॅमिकची भट्टी आहे का, विणकामाचे माग आहेत का, ते वेबसाईटवर शोधा आणि त्यातलं नेमकं काय शिकायला जाताय ते लिहा. आपल्या त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनला गेले ते जेमतेम दोन आठवड्यांसाठी, पण काय बघायचं हे पक्कं होतं, तिकडचे चित्रपट निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत सिनेमा कसा बनतो ते समजून घेतलं आणि विल्यमसन कॅमेऱ्याची ऑर्डर देऊनच परतले. तुमच्या हातात तर अख्खं सेमिस्टर आहे.

आता पैशाचं. एक्स्चेंज म्हणजे तुमच्या कॉलेजचा तिकडच्या कॉलेजशी करार असतो, फी बहुतेक वेळा इथेच भरायची आणि तिकडची फी माफ. राहणं, खाणं, विमा, मटेरियल मात्र तुमचंच. कोणी एजंट ‘एक्स्चेंज करून देतो’ म्हणाला तर आधी आपल्या कॉलेजच्या ऑफिसात जाऊन करार आहे का ते विचारा, करार नसेल तर तुम्ही तिकडे पूर्ण फी भरणारे पाहुणे विद्यार्थी ठरू शकता. इरॅस्मस प्लस या युरोपियन युनियनच्या योजनेची ग्रँटसुद्धा दोन संस्थांमध्ये तसा प्रोजेक्ट मंजूर असेल तरच मिळते.

क्रेडिटचा विषय रटाळ वाटतो पण वर्ष वाया जातं ते इथेच. युरोपात एका सेमिस्टरला ३० ईसीटीएस (युरोपातली अभ्यास मोजायची पद्धत) क्रेडिट धरतात. तिकडचा कुठला विषय इथल्या कुठल्या विषयाच्या जागी धरणार हे निघायच्या आधी एचओडींच्या सहीने लेखी घ्या. ‘आल्यावर बघू’ यावर विसंबू नका, सर बदलतात. तिकडे गेल्यावर एखादा विषय फुल झालेला असेल तर बदललेल्या यादीवरही दोन्हीकडच्या सह्या लगेच मागवा.

कागदपत्रांत आपल्याकडचा हमखास गोंधळ नावाचा. मार्कशीटवर आडनाव आधी, कुठे आईचं नावही, आधारवर वडिलांचं नाव मध्ये आणि पासपोर्टवर तिसरंच काहीतरी. पासपोर्टवर आहे तसंच नाव अर्जात, विम्यात, तिकिटात, बँकेच्या पत्रात सगळीकडे टाका आणि फरक असेल तर ॲफिडेव्हिट आधीच करून ठेवा. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा, छोटा व्हिसा १८० दिवसांत ९० दिवसच चालतो, सेमिस्टर त्याहून मोठं असतं, म्हणजे त्या देशाचा लाँग स्टे व्हिसा लागतो आणि त्याला वेळ लागतो, ऑफर लेटर आलं की त्याच आठवड्यात व्हिसाच्या अपॉइंटमेंटचा स्लॉट बघा. मुंबईला सकाळी नऊचा स्लॉट मिळाला तर पंचवटी एक्स्प्रेसने जमणार नाही, आदल्या दिवशीच जा.

बॅग भरताना टर्पेंटाईन, थिनर आणि फिक्सेटिव्हचा (चित्र पुसू नये म्हणून मारतात तो) स्प्रे घरीच ठेवा, ज्वलनशील आहे, चेक-इनमध्येही चालत नाही. ऑईल कलर बहुतेक चालतात पण कंपनीची सेफ्टी डेटा शीट प्रिंट करून ट्यूबांसोबत ठेवा. कटर, स्काल्पेल चेक-इनमध्ये, पॉवर बँक मात्र हातातल्या बॅगेत. कागदांचा गठ्ठा नेऊ नका.

तिकडे पोचल्यावर पहिल्या आठवड्यांत वर्कशॉपचं सेफ्टी ट्रेनिंग असतं, ते अजिबात चुकवू नका, कारण ते न करता बऱ्याच ठिकाणी मशीनला हात लावू देत नाहीत आणि पुढची बॅच कधी लागेल सांगता येत नाही. घर शोधणं, सिमकार्ड, फिरणं सगळं त्या तारखा सांभाळून करा. मग येतं क्रिटिक, म्हणजे सगळ्यांसमोर काम लावून चर्चा. आपली मुलं तिथे गप्प उभी राहतात, सरांनी काही म्हटलं की मान डोलावतात, कारण उलट बोलणं उद्धटपणा वाटतो. तिथे प्रोफेसरला पहिल्या नावाने हाक मारतात आणि तुमचं म्हणणं ऐकायचं असतं, गप्प बसलात तर त्यांना वाटतं की विचारच केलेला नाही. इंग्रजी अडखळत असेल तर चार वाक्यं आधी लिहून न्या, मी काय बघत होतो, काय करून बघितलं, काय जमलं नाही, मला तुमच्याकडून काय हवंय, एवढं बोललात तरी चर्चा सुरू होते. पिंटरेस्टवरचा किंवा एआयने केलेला रेफरन्स वापरला असेल तर तसं स्वतःहून सांगा, लपवलेलं सापडलं तर प्रकरण गंभीर होतं.

डिसेंबरात उत्तर युरोपात चारच्या आसपास अंधार पडतो, त्यामुळे रंगाचं काम सकाळीच उरकायची सवय लावा. मे महिन्यात आपल्याकडे वॉटरकलरचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, बघता बघता वाळतो, तिकडे थंड दमट हवेत तोच कागद बराच वेळ ओला राहतो, तेव्हा थर द्यायची घाई केली की चिखल होतो.

तिकडून परत निघायच्या आधी मोठ्या कामांचे नीट फोटो आणि मापं घेऊन ठेवा, सगळं परत आणणं परवडत नाही. ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे तिकडची अधिकृत मार्कशीट, यायला कित्येक आठवडे लागतात आणि इकडे रिझल्ट अडकतो, म्हणून विषय पूर्ण केल्याचं सही-शिक्क्याचं पत्र इंटरनॅशनल ऑफिसकडून हातात घेऊनच विमानात बसा.