उंट देण्याआधी सी८ कडे बघा

अकरावीत असताना जळगावच्या एका खुल्या बुद्धिबळ स्पर्धेत मी एच७ वर उंट दिला, म्हणजे तिथलं प्यादं मारून उंटाचा मुद्दाम बळी दिला (घराच्या नावातलं अक्षर म्हणजे पटाची उभी ओळ, आकडा म्हणजे आडवी). मे महिना, बाहेर जीव घेणारं ऊन, हॉलमध्ये दोन कूलर घरघरत होते. समोरच्याच्या राजाने उंट मारला, माझा घोडा जी५ वर शह देत गेला, राजा जी८ वर परतला आणि मी वजीर एच५ वर आणून ठेवला. पुढच्या चालीला एच७ वर मात. मी पाणी प्यायला उठलो. परत आलो तर त्याचा सी८ चा उंट एफ५ वर येऊन बसला होता आणि तिथून एच७ राखत होता. मध्ये माझाच घोडा उभा, त्यामुळे माझ्या वजिराला तो उंट मारताही येईना. मी जी-प्यादं दोन घरं पुढे ढकललं, उंट जी६ वर सरकला आणि उलट माझ्याच वजिरावर आला. तिथून डाव सावरला नाही.

रात्रीच्या पॅसेंजरने भुसावळला आलो. आमच्या रेल्वे क्वार्टरच्या मागच्या ओळीत एक निवृत्त गार्डकाका राहायचे, माझं सगळं बुद्धिबळ त्यांच्या ओट्यावर झालं. त्यांनी डाव मांडला, उंट दिला त्या चालीवर थांबले आणि म्हणाले, "भो, त्याचा राजा उघडा पडला हे बरोबर. पण त्याच्या मदतीला कोण कोण येऊ शकत होतं, ते मोजलं का?" मी मोजलं नव्हतं. माझ्याकडून हल्ल्यात फक्त वजीर आणि घोडा. दोन्ही हत्ती घरी, सी१ चा उंट आपल्याच प्याद्यांमागे अडकलेला. त्याच्याकडे मात्र एफ८ चा हत्ती आणि एका चालीत धावून येणारा उंट.

राजा उघडा पडतो म्हणजे काय, हे मी मुलांना केळीच्या बागेवरून सांगतो. रावेरकडे बागेभोवती शेवरी लावतात. ती वारा अडवते, नाहीतर उन्हाळ्यातला तापलेला वारा केळीची पानं फाडून टाकतो. कॅसलिंग केलेल्या, म्हणजे हत्तीबरोबरच्या खास चालीने कडेला सुरक्षित नेलेल्या राजापुढची तीन प्यादी म्हणजे ती शेवरी. एक ताटी तोडली की लगेच बाग पडत नाही. वारा त्याच दिशेने यावा लागतो आणि जोरात यावा लागतो. एच७ चं प्यादं मारणं म्हणजे ताटी तोडणं. वारा म्हणजे तुमचे बाकीचे मोहरे, आणि ते आधीपासून त्या बाजूला तोंड करून उभे हवेत.

उंट देण्याआधी हे बघा. एफ६ वर त्याचा घोडा आहे का? असेल तर एच७ आणि एच५ दोन्ही त्याच्या ताब्यात, विषय संपला. आपलं प्यादं ई५ वर असेल तर तो घोडा सहसा तिथून हुसकलेला असतो. जी५ वर जाणारा घोडा त्याच्या ई७ च्या उंटाला मारता येईल का? येत असेल तर आपलं एच४ चं प्यादं आणि मागे एच१ चा हत्ती तयार लागतो, म्हणजे प्याद्याने परत मारताना एच-फाइल (एच ची उभी ओळ) उघडते. आणि सी८ चा उंट, किंवा दुसरा कुठलाही मोहरा, बी१ ते एच७ या तिरक्या रेषेवर येऊ शकतो का? ई६ वर त्याचं प्यादं असेल तर तो उंट कोंडलेला असतो. माझ्या डावात ते प्यादं बदलीत गेलं होतं.

आता राजा जी८ वर परतला, वजीर एच५ वर आला आणि त्याने राजाला वाट करून द्यायला एफ८ चा हत्ती ई८ वर नेला असं धरा. नव्वद टक्के मुलं इथे वजीर एच७ वर आपटून शह देतात. राजा एफ८, वजीर एच८ वर शह, राजा ई७, मग वजीर जी७ चं प्यादं मारतो. आणि शहच लागत नाही! मध्ये एफ७ चं प्यादं उभं असतं. राजा निसटतो. म्हणून आधी वजिराने एफ७ चं प्यादंच मारायचं. घोड्याचा जोर आहे, राजाला वजीर मारता येत नाही. राजा एच८ वर जातो. वजीर एच५ वर परत शह, राजा जी८, वजीर एच७, राजा एफ८, वजीर एच८, राजा ई७, आणि आता वजिराने जी७ मारलं की मात. सातवी ओळ मोकळी झालेली असते, ई५ चं प्यादं डी६ आणि एफ६ अडवतं आणि डी८ चा वजीर, ई८ चा हत्ती आपल्याच राजाची वाट बंद करून उभे असतात. हे पटावर मांडून हाताने खेळा. शह तेच, वजीर तोच, फक्त एक प्यादं आधी काढलेलं. हे ज्या दिवशी मला दिसलं, त्या दिवशी हल्ला कसा करायचा ते थोडं कळायला लागलं.

घोड्याच्या जी५ वरच्या शहाला राजा जी८ ऐवजी एच६ वर गेला आणि सी१ चा उंट मोकळा असला तर काम सोपं. घोडा ई६ चं प्यादं मारत हलला की मागून उंटाचा शह लागतो, आणि डी८ वरचा वजीर घोड्याच्या तोंडी येतो. राजा जी६ वर पुढे आला तर मात्र खरा अभ्यास सुरू होतो. तिथे बहुतेक वेळा शह नसलेली चाल लागते: वजीर जी४ वर, किंवा एच-प्यादं एच४ वर.

दुसरा डाव मी सगळ्यांना लावतो तो इमॅन्युएल लास्करचा, बाऊअरविरुद्ध, अ‍ॅमस्टरडॅम, १८८९. लास्कर तेव्हा विशीत होता, जगज्जेता व्हायला पाच वर्षं होती. त्याने एच७ वर एक उंट दिला, दोन चालींनी जी७ वर दुसरा. पण मुलांना मी थांबवतो ते त्यानंतर वजिराने जी४ वर शह दिल्यावरच्या चालीवर: हत्ती एफ३ वर. शह नाही, काही मारलं नाही, फक्त एक हत्ती आणखी लढाईला आणला. बाऊअरला वजीर देऊन मात टाळावी लागली. तरी दोन हत्ती, दोन उंट त्याच्याकडे होतेच. तेव्हा लास्करचा वजीर डी७ वर गेला आणि दोन्ही उंटांवर एकदम आला, एक पडलाच. हे डी७ उंट देण्याआधी दिसलेलं असावं लागतं. उंट देणं धाडसाचं वाटतं, पण डाव जिंकला तो या मोजणीने.

सरावासाठी लीचेस ही बुद्धिबळाची वेबसाइट फुकट आहे. तिथे उघड्या पडलेल्या राजाची आणि शह नसलेल्या शांत चालींची कोडी वेगवेगळी निवडता येतात. दोन्ही घ्या. दिवसाला पाच पुरे, पण चाल खेळण्याआधी पूर्ण ओळ वहीत लिहा, समोरच्याची सर्वांत चांगली उत्तरं धरून. कॉम्प्युटरला शेवटी विचारा. आणि आठवड्यातून एकदा बाजू बदला: एच७ वर उंट पडलाय, तुम्ही काळे, वाचवा. बचाव करताना जी घरं सापडतात, तीच पुढच्या वेळी हल्ल्याआधी तपासायची असतात.

माझ्याकडे रविवारी सावद्याहून एक सातवीतली मुलगी येते. अलीकडे तिच्या डावात सगळं जुळून आलं होतं: ई५ चं प्यादं, डी३ चा उंट, एफ६ रिकामं, सी८ चा उंट कोंडलेला. मोहऱ्याला हात न लावता ती बराच वेळ बसून राहिली. शेवटी विचारलं, "सर, राजा जी६ वर आला तर एच४ की जी४?" तो डाव आम्ही तसाच मांडून ठेवलाय. दोन रविवार झाले, एच४ ला काळ्याने एफ५ खेळलं तर पुढे काय, यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.