आधी खाण्याची पिशवी, मग कपड्यांची बॅग

बॅग भरण्याचा माझा क्रम चार वर्षांपूर्वी उलटा झाला. पूर्वी आधी कपडे, मग औषधं आणि निघता निघता हाताला लागेल तो खाऊ, अशी रीत होती. वजन कमी करण्यासाठी जठर लहान करण्याचं ऑपरेशन, म्हणजे गॅस्ट्रिक बायपास, झाल्यापासून आधी खाण्याची पिशवी भरते, मग गोळ्यांचा डबा, आणि उरलेल्या जागेत मावतील तेवढेच कपडे. हे शहाणपण पहिल्याच प्रवासाने शिकवलं. ऑपरेशनला सात महिने झाले होते, वजन उतरत होतं आणि घरी सगळं इतकं सुरळीत होतं की सवयी अंगी मुरल्या असं मी धरून चालले होते. गाडीला चार तास उशीर झाला तेव्हा कळलं, की त्या सवयी स्वयंपाकघरातलं घड्याळ आणि फ्रिजमधले डबे यांच्या जिवावर चालल्या होत्या. जवळ खायला काही नव्हतं. शेवटी केकचा तुकडा आणि गोड सरबताची बाटली घेतली. वीस मिनिटांत छाती धडधडायला लागली, दरदरून घाम फुटला, पोटात मुरडा आला आणि पुढचा तासभर मी बाकावर डोकं टेकून बसले. डम्पिंगबद्दल, म्हणजे गोड खाणं लहान पोटातून आतड्यात एकदम उतरल्याने होणाऱ्या या त्रासाबद्दल, डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण ऐकणं वेगळं आणि भोगणं वेगळं.

तेव्हापासून मी तयारी करते ती मधल्या रिकाम्या तासांची. प्रवासात मेजवानीने जितकं बिघडत नाही तितकं दोन जेवणांमधल्या खिंडारांनी बिघडतं. सहा तास पोटात काही नसलं की सातव्या तासाला जे समोर येईल ते घाईघाईने खाल्लं जातं.

निघण्याच्या तीन आठवडे आधी डॉक्टरांची वेळ घ्यावी. ऑपरेशन होऊन दीड-दोन महिनेही झाले नसतील तर पहिला प्रश्न ‘जाऊ का?’ हाच असायला हवा. त्या काळात पायाच्या शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका जास्त असतो, आणि चार तासांहून लांबच्या प्रवासात एका जागी बसून राहिल्याने तो आणखी वाढतो. जड बॅग उचलायलाही याच दिवसांत मनाई असते, तेव्हा चाकांची बॅग घ्या आणि ती वरच्या फळीवर ठेवायला दुसऱ्याला सांगा. यात लाज कसली? मधुमेहाची किंवा रक्तदाबाची औषधं चालू असतील तर वजन उतरेल तसे त्यांचे डोस बदलतात, म्हणून जुन्या चिठ्ठीवर विसंबून निघू नये. रक्ततपासणी राहिली असेल तर तीही उरकून घ्यावी. लोह किंवा बी-१२ कमी असेल तर आलेला थकवा प्रवासाचा की कमतरतेचा, हे बाहेरगावी ओळखता येत नाही.

त्याच भेटीत एक चिठ्ठी लिहून घ्या. कोणतं ऑपरेशन झालं, कधी झालं, कोणती औषधं चालू आहेत आणि अडचण आली तर कुणाला फोन करायचा, एवढं एका पानावर असलं की पुरे. ‘स्लीव्ह’ या दुसऱ्या प्रकारच्या ऑपरेशनमध्ये जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून टाकतात, तर बायपासमध्ये वरची छोटी पिशवी आतड्याला थेट जोडतात. अनोळखी डॉक्टरला बाहेरून दोन्ही पोटं सारखीच दिसतात, पण नाकातून पोटात नळी घालायची वेळ आली तर ही माहिती असणं फार महत्त्वाचं. चिठ्ठीची एक प्रत पाकिटात, एक सोबतच्या माणसाकडे आणि फोटो फोनमध्ये. प्रवास विमा काढत असाल तर ऑपरेशन लपवू नका, नाहीतर गरजेच्या वेळी तो विमा कागदावरच राहील.

जीवनसत्त्वं, लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या आयुष्यभराच्या आहेत, त्यांना सुट्टी नसते. जितके दिवस बाहेर राहणार त्यापेक्षा चार-पाच दिवसांच्या जास्त घ्या आणि सगळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, कारण मोठी बॅग चुकीच्या गावी जाऊ शकते. खरी कसरत वेळांची आहे. कॅल्शियम एका वेळी ५०० ते ६०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नीट शोषलं जात नाही, म्हणून ते दिवसात दोन-तीनदा विभागून घ्यायचं. लोहाची गोळी त्यापासून निदान दोन तास लांब. लोहाच्या आगेमागे चहा-कॉफी नको, ती शोषण कमी करते. घरी हे आपोआप होतं, प्रवासात पहाटे निघताना सगळ्या गोळ्या एकदम तोंडात टाकायचा मोह होतो. मी फोनवर वेगवेगळ्या आवाजाचे तीन गजर लावते. दूरच्या देशात घड्याळ बदललं तर पोहोचल्यावर तिथल्या वेळेने नव्याने सुरुवात करते. इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र असा हिशोब स्वतः न करता डॉक्टरांकडून वेळा लिहून आणाव्यात. डोकेदुखी-अंगदुखीसाठी पॅरासिटामॉल सोबत ठेवा. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकच्या जातीच्या गोळ्यांनी बायपासच्या जोडापाशी अल्सर होऊ शकतो, आणि बाहेरगावचा दुकानदार नेमकी तीच पट्टी पुढे करतो.

आता खाण्याच्या पिशवीकडे वळू. माझा हिशोब साधा आहे. घरातून निघाल्यापासून मुक्कामी पोहोचेपर्यंत किती तास, ते मोजायचे, त्यात उशिराचे चार तास मिळवायचे आणि दर तीन तासांना एक छोटं खाणं धरायचं. बारा तासांचा प्रवास असेल तर सोळा तास, म्हणजे पाच पुड्या. प्रत्येक पुडीत प्रोटीन हवंच. आम्हा बहुतेकांना दिवसाला निदान ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन घ्यायला सांगितलेलं असतं, आणि लहान पोटात ते बसवणं घरीसुद्धा सोपं नसतं. एका अंड्यात जेमतेम ६ ग्रॅम असतं. म्हणून प्रोटीन पावडरच्या एकेका वेळेच्या मापाच्या पुड्या करून नेते, सोबत झाकण घट्ट बसणारी बाटली. पहिल्या चार-सहा तासांसाठी उकडलेली अंडी आणि चीज, त्यानंतर न बिघडणारं काही, म्हणजे भाजलेले सोयाबीन किंवा बंद पाकिटातला मासा. कडक दाणे-बिया तुमच्या आहारतज्ज्ञांनी चालू केल्या असतील तरच न्या.

‘शुगर फ्री’ वड्या आणि प्रोटीन बार विकत घेताना मागचं लेबल वाचा. साखरेऐवजी घातलेलं सॉर्बिटॉल किंवा मॅल्टिटॉल असेल तर पोट फुगतं, काहींना जुलाब होतात, आणि चालत्या बसमध्ये ते कुणालाच परवडत नाही. नवीन बार घरी खाऊन बघितल्याशिवाय पिशवीत टाकायचा नाही, हा माझा नियम आहे.

विमानाने जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. दही, सूप आणि दाण्याचं लोणी यांची गणती बहुतेक ठिकाणी द्रवात होते आणि आंतरराष्ट्रीय प्रवासात १०० मिलिलीटरच्या वरचं तपासणीला काढून घेऊ शकतात. पावडर नेता येते, पण अमेरिकेला जाणाऱ्या विमानात ३५० मिलिलीटरच्या वर असेल तर वेगळी तपासणी होते, म्हणून मोठा डबा खालच्या बॅगेत आणि दोन दिवसांच्या पुड्या वर. माझा पांढऱ्या पावडरीचा बिनलेबलचा डबा एकदा उघडून, हुंगून, तीन माणसांनी पाहिला होता. तेव्हापासून मूळ पाकिटाची लेबलाची बाजू कापून डब्यात ठेवते.

पाण्याचं गणित अन्नापेक्षा अवघड जातं. आपल्याला गटागटा पिता येत नाही, जेवताना प्यायचं नाही, जेवल्यावर अर्धा तास थांबायचं, आणि तरी दिवसाला दीड लिटरच्या वर पोटात जायला हवं. विमानातली हवा कोरडी, त्यात स्वच्छतागृहाची चिंता म्हणून माणूस पाणी टाळतो. मी रिकामी बाटली तपासणीतून नेऊन पलीकडे भरते आणि तासाला साधारण एक पेला संपवायचा, असं ठरवून घोट घोट पीत राहते. फसफसणारी पेयं नकोत. दारूबद्दल एवढंच, की ऑपरेशननंतर ती लवकर आणि जास्त चढते. पूर्वीच्या दोन पेल्यांचा अंदाज आता चालत नाही, आणि सुरुवातीच्या महिन्यांत तिचं नावच काढू नये.

मुक्कामाची खोली ठरवताना मी खिडकीतून काय दिसतं ते विचारत नाही, छोटा फ्रिज आणि पाणी उकळायची किटली आहे का ते विचारते. मग पोहोचल्यावर पहिलं काम म्हणजे अंडी, साधं दही आणि फळं आणून फ्रिजमध्ये ठेवणं. सकाळचा नाश्ता आपल्या ताब्यात राहिला की दिवस अर्धा सावरला. बाहेर जेवताना ताटातलं प्रोटीन आधी, मग भाजी, आणि भात-ब्रेड जागा उरली तर. वीस-तीस मिनिटं लावून, बारीक चावून. यात अडचण येते ती माणसांची. सोबतचे गप्पांच्या नादात भराभर जेवतात आणि आपणही त्यांच्या वेगाने गिळायला लागतो. घास अडकल्याची ती छातीतली कळ ज्याने सोसली आहे त्याला सांगायला नको. मी बॅगेत एक लहान चमचा ठेवते. पाहणाऱ्याला विचित्र वाटतं, पण घास आपोआप लहान होतो. ‘एवढंसंच?’ असं कुणी विचारलं तर उत्तर तयार ठेवा. मी ‘पोटाचं ऑपरेशन झालंय’ एवढंच म्हणते, पुढचा इतिहास सांगत नाही. बुफेत मात्र जपा. दर अर्ध्या तासाला थोडंथोडं तोंडात टाकत राहिलं तर लहान पोटातूनसुद्धा खूप खाल्लं जातं, आणि काही वर्षांनी वजन परत चढतं त्यात या चरण्याचा वाटा मोठा असतो.

व्यायामाला मी पूर्वी ‘फिरतोय ना दिवसभर’ म्हणून बगल द्यायचे. फिरण्याने चालणं होतं, हे खरं. आठवड्याला १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम त्यातच निघून जातो. पण वजनाबरोबर स्नायूही उतरतात आणि ते टिकवायला जोर लावावा लागतो. त्यासाठी रबरी पट्टा न्या, तो मोज्याच्या जोडीएवढी जागा घेतो. आठवड्यातून दोनदा, आंघोळीच्या आधी पंधरा मिनिटं: पट्टा ओढणं, खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला हात टेकून जोर. जोर आणि पट्टा सुरू करायला डॉक्टरांची परवानगी मिळालेली असावी. गाडीत किंवा विमानात दर तासाला उठून चार पावलं चालणं आणि बसल्या जागी टाचा वर-खाली करणं हेही यातच आलं. बूट नवे नकोत, मुरलेले घ्या.

आणि हे पाठच असू द्या. उलट्या दिवसभर थांबत नसतील, पाणीही टिकत नसेल, तर ‘बाहेरचं बाधलं’ म्हणून वाट बघू नका. आपल्या शरीरात बी-१ जीवनसत्त्वाचा, म्हणजे थायमिनचा, साठा लवकर संपतो आणि त्याचा परिणाम थेट मेंदूवर होऊ शकतो. सलाइन लावायची वेळ आली तर ‘बॅरिअ‍ॅट्रिक (वजन कमी करण्याचं) ऑपरेशन झालं आहे, ग्लुकोजच्या आधी थायमिन द्या’ हे सोबतच्या माणसाला सांगता आलं पाहिजे. चिठ्ठीवर ते लिहूनच घ्या. बायपास झालेल्यांना अचानक पोटात जोराची, पिळवटणारी कळ आली तर आतडं अडकलेलं असू शकतं, ऑपरेशनला कितीही वर्षं झालेली असोत. एका पोटरीला सूज आणि दुखणं, किंवा अचानक धाप लागणं, यांतही उशीर करायचा नाही. तिन्ही वेळी सरळ हॉस्पिटल गाठायचं.

एक पुडी राहिली. परतीच्या दिवसाचं खाणं सगळेच विसरतात, कारण तोवर पिशवी रिकामी झालेली असते आणि मन घरी पोहोचलेलं असतं. मी निघतानाच दोन पुड्यांवर पेनाने ‘परत’ असं लिहून त्या मोठ्या बॅगेच्या तळाशी, मळक्या कपड्यांच्या पिशवीत ठेवते. तिथे मधल्या दिवसांत भुकेचा हात पोहोचत नाही.